भिंगारदिवे काकांचा ठराव

प्रवचन संपलं की भिंगारदिवे काका उठून उभे राहायचे आणि आभार मानायचे.

अँग्लिकन चर्चमध्ये असं कुणी करत नाही. तिथं प्रवचनानंतर थोडा वेळ शांतता असते, ऐकलेलं माणसानं मनात मुरवावं म्हणून. काका ती शांतता सुरू व्हायच्या आत घसा खाकरायचे. "आजच्या वक्त्यांनी आपल्या व्यग्र कार्यक्रमातून वेळ काढून आपल्याला मोलाचं मार्गदर्शन केलं, त्याबद्दल मी सर्वांच्या वतीनं..." हे सगळं इंग्रजीत. आणि वक्ते कोण, तर त्या चर्चचे धर्मगुरू रेव्हरंड टिमोथी, ज्यांना रविवारी सकाळी दुसरा कुठलाही कार्यक्रम नसायचा. टिमोथींनी एकदा काकांना बाजूला घेऊन विचारलं, की हे टाळता येईल का? काका म्हणाले, "टाळता येईल की. पण मग सभा संपली हे लोकांना कळायचं कसं?" शेवटी तडजोड झाली आणि आभार खाली तळघरात, चहाच्या वेळी मानायचे ठरले. काका ती तडजोड महिन्यातून एकदा तरी विसरायचे.

मी त्या चर्चची नाही. मी कोथरूडची आहे. नवऱ्याला फ्रँकफर्टमध्ये नोकरी लागली, आम्ही आलो, आणि आमचं कार्टं कुठल्याच जर्मन पोरात मिसळेना म्हणून मी त्याला त्या इंग्रजी चर्चच्या तळघरातल्या शिशुवर्गात घेऊन जायला लागले. पहिल्याच दिवशी कोपऱ्यात एक उंच, सडपातळ, सूट घातलेले गृहस्थ चहाच्या मोठ्या विजेच्या भांड्यापुढे उभे होते आणि त्या भांड्याला अस्सल मराठीत सांगत होते, "ताप की बाई आता. माणसं ताटकळलीत."

मी खुदकन हसले आणि पकडले गेले. "कुठल्या तुम्ही?" त्यांनी वळून विचारलं. पुण्याची, म्हटलं. पुण्यात कुठं? कोथरूड. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे शुद्धलेखन बरं असणार. पुढच्या बुधवारी या." मी का, कशाला, विचारीपर्यंत ते दुसऱ्याला कप द्यायला गेले होते. त्या बुधवारी मी, काका अध्यक्ष असलेल्या 'समाज व शासन समिती'ची चिटणीस झाले. मला कुणी विचारलं नाही. मी म्हटलं, "अहो काका, मी हिंदू आहे." काका म्हणाले, "आम्ही कुठं तुम्हाला प्रार्थना करा म्हणतोय? कोण काय बोललं ते तेवढं लिहा. प्रार्थनेचं आमचं आम्ही बघू." तेव्हापासून ते मला चिटणीसबाईच म्हणायचे. माझं खरं आडनाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

सत्यवान भिंगारदिवे मूळ नगरचे. मिशन कंपाऊंडात वाढलेले, वडील नगरपालिकेत कारकून. त्या कंपाऊंडात, काका सांगायचे, चार माणसं एकत्र बसली की आधी अध्यक्ष निवडायची पद्धत होती. पोरांच्या क्रिकेटच्या संघालासुद्धा अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि खजिनदार होता, फक्त बॅट नव्हती. पुढं काका छपाईची यंत्रं जोडायला म्हणून तरुणपणी ऑफेनबाखच्या कारखान्यात आले आणि इथलेच झाले. त्यांचं जर्मन कारखान्यात शिकलेलं, इथल्या गावठी वळणाचं. पण सभेची शिस्त मात्र नगरची. सूचक, अनुमोदक, प्रास्ताविक, सत्कार, आभार. यातलं काही राहिलं तर त्यांना जेवण गोड लागायचं नाही. त्यांच्या बायको रूथकाकू निवृत्त नर्स, मिरजेकडच्या, बोलायला कमी. काका फारच वाहवत गेले की त्या नुसतं "अहो, बसा आता" एवढंच म्हणायच्या. काका वाक्य अर्धवट सोडून बसायचे. आमच्या समितीत घंटेची गरज कधी पडली नाही.

आता ही समिती होती कशासाठी, ते सांगायला हवं. हे चर्च म्हणजे विलायतेचं राष्ट्रीय चर्च. तिकडे त्यांचे बिशप संसदेच्या वरच्या सभागृहात बसतात आणि शाळा, तुरुंग, युद्ध, घरभाडी, सगळ्यावर सरकारला चार शब्द सुनावतात. चर्चची स्वतःची एक लोकसभाही आहे, तिला सिनड म्हणतात. तिथं जाड जाड अहवाल तयार होतात आणि ते टपालानं आमच्या तळघरात येतात. पण आम्ही होतो जर्मनीत. इथल्या सरकारला माहीत असलेली चर्चेस दोन, दोन्ही जर्मन, दोन्ही मोठी. आमचं चर्च हे त्यांच्या दृष्टीनं इंग्रज लोकांचं काहीतरी, चहा छान मिळतो म्हणे. काका म्हणायचे, "तिकडं आपला बिशप सरकारच्या मांडीला मांडी लावून बसतो, आणि इथं आपण चर्चपुढं गाडी लावली तर दंडाची चिठ्ठी मिळते."

तरीही आम्ही अहवाल इमानदारीनं वाचायचो. एकदा मच्छीमारांच्या प्रश्नावर आला. फ्रँकफर्टहून समुद्र गाठायचा तर दिवस मोडतो, समितीत कुणी मासेमारी केलेली नव्हती, पण आम्ही दोन बैठका त्यावर घालवल्या. याला कारण मिस्टर पिकरिंग. पिकरिंग हे बँकेतून निवृत्त झालेले इंग्रज, अतिशय सभ्य, आणि दुरुस्ती सुचवण्याचं त्यांना व्यसन. ठरावात 'चिंता व्यक्त करते' असं असलं की ते 'गंभीर चिंता' सुचवायचे, आणि 'गंभीर' झालं की पुढच्या बैठकीत त्यांना ते जरा जास्त वाटायचं. मी आपली खोडत होते आणि लिहीत होते. काका मात्र खूश असायचे. पिकरिंगसारखा गडी नगरला असता तर नगराध्यक्ष झाला असता, असं त्यांचं ठाम मत होतं.

सरकारविषयी काकांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. "सरकार म्हणजे माणूसच असतो, चिटणीसबाई. फक्त त्याला बऱ्याच दिवसांत कुणी 'बसा, चहा घेता का' असं विचारलेलं नसतं." ते ट्रामच्या तिकीट तपासनीसाला तब्येत विचारायचे. त्या माणसाला वाटायचं यांच्याकडे तिकीट नाही. तिकीट असायचंच, पण ते दाखवायच्या आधी दोन शब्द बोलायला हवेत हा काकांचा आग्रह. त्यांच्याबरोबर ट्रामनं जायचं मला अगदी नको व्हायचं.

या सगळ्या गमतीत ग्रेसचं प्रकरण आलं.

ग्रेस घानाची. चर्चच्या गायकवृंदात तिचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू यायचा, आणि पहाटे ती बँकांची ऑफिसं झाडायची. तिची मुलगी अबेना इथंच जन्मलेली, शाळेत हुशार, बोलायला लागली की तिचं जर्मन ऐकून इथले म्हातारे खूश व्हायचे. आईशी ती जर्मनमध्येच बोलायची, अगदी एव्हाना शाळेत जायला लागलेल्या आमच्या कार्ट्यासारखी. या मायलेकींकडे राहण्याचा परवाना नव्हता. होती ती 'डुल्डुंग'. म्हणजे, तुम्हाला इथं राहता येणार नाही, पण आज काही आम्ही तुम्हाला घालवत नाही, असं सांगणारा कागद. दर काही महिन्यांनी परदेशी लोकांच्या कचेरीत, इथल्या भाषेत 'आम्ट'मध्ये, जायचं आणि मुदत वाढवून आणायची. ग्रेस वर्षानुवर्षं हे करत आली होती. त्या वसंतात तिला सांगण्यात आलं, की आता शाळेच्या उन्हाळी सुट्टीपर्यंत, पुढं नाही. अबेनानं घाना फक्त नकाशात पाहिला होता.

काकांनी लगेच ठराव मांडला, की ग्रेस आणि अबेनाला इथं राहू द्यावं. पिकरिंग म्हणाले, "अध्यक्ष महाराज, चर्च धोरणावर बोलतं. एकेका प्रकरणावर बोलत नाही." हे तेच पिकरिंग जे दर गुरुवारी गाण्याची तालीम संपली की ग्रेसला स्वतःच्या गाडीनं घरी सोडायचे. माणूस अजिबात वाईट नव्हता. पण गाडीतली ग्रेस वेगळी आणि ठरावातली ग्रेस वेगळी, असं त्यांना मनापासून वाटायचं. काका म्हणाले, "धोरणाशी मी बोलू कसा? त्याला कान कुठं असतात?" मग ठरावात ग्रेसचं नाव असावं की 'काही कुटुंबं' म्हणावं, यावर बैठका सुरू झाल्या. मग 'राहू द्यावं' की 'राहू देण्याचा विचार करावा'. मग 'सहानुभूतीनं विचार' की नुसताच विचार. इकडे सुट्टी जवळ येत होती आणि मी खोडत होते, लिहीत होते. माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

एका बैठकीनंतर काका कप विसळता विसळता म्हणाले, "चिटणीसबाई, आता शिष्टमंडळ न्यावं लागेल."

नगरला शिष्टमंडळ म्हणजे काय, ते मला ग्रेसच्या पुढच्या तारखेला कचेरीच्या दारात कळलं. काकांनी काळा सूट घातला होता. हातात कापडी पिशवी. पिशवीत काय आहे विचारलं तर म्हणाले, शाल आणि श्रीफळ. मी जागीच थांबले. "काका, इथं असं चालत नाही. सरकारी माणसाला भेट दिली की त्याला लाच म्हणतात." काका समजावणीच्या सुरात म्हणाले, "काम व्हायच्या आधी दिलं तर लाच. आपण झालेल्या कामाबद्दल देतोय. त्याला सत्कार म्हणतात." मी म्हटलं, कुठलं झालेलं काम? तर म्हणाले, "आत चला, ऐकालच." मी रूथकाकूंकडे पाहिलं. वाटलं, आता त्या म्हणतील, अहो, बसा. पण त्या म्हणाल्या, "नारळ मी धरते. यांच्या हातून पडेल."

आमचा नंबर लागला. खिडकीशी फ्राऊ केसलर म्हणून बाई होत्या. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला लावलेला, चेहरा दमलेला. ग्रेसला त्या ओळखत होत्या, पण ओळख दाखवायची त्यांना सवय नसावी. ग्रेस पुढं झाली आणि काही बोलायच्या आत काका तिच्यापुढं झाले. त्यांनी घसा खाकरला आणि आपल्या कारखान्यातल्या जर्मनमध्ये भाषण सुरू केलं. सन्माननीय फ्राऊ केसलर यांनी गेली इतकी वर्षं या मायलेकींची मुदत न कंटाळता वाढवून दिली, एकदाही आवाज चढवला नाही, अबेना लहान असताना तिला रंगीत पेन्सिल दिली, हे आमचं चर्च विसरलेलं नाही. आज त्यांचा यथोचित सत्कार करण्याचं भाग्य आम्हाला लाभतं आहे.

हे सगळं खरं होतं. ग्रेसनंच कधीतरी त्यांना सांगितलेलं. फ्राऊ केसलर ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत होता. त्या खिडकीशी आजवर लोकांनी त्यांना काय काय ऐकवलं असेल, पण आभार बहुधा कुणी मानले नसावेत. त्या नकळत उठून उभ्या राहिल्या. उभं राहिलेल्या माणसाला शाल घालायची, हे काकांच्या रक्तातच होतं. खिडकीच्या बाजूला छोटं दार होतं, काका त्यातून आत गेले, शाल त्यांच्या खांद्यावर घातली, रूथकाकूंनी मागून येऊन नारळ त्यांच्या हातात दिला आणि दोघांनी हात जोडले.

आणि त्याच क्षणी फ्राऊ केसलरचे साहेब, हेर फोग्ट, कॉफीचा कप घेऊन आत आले.

त्यांच्या कचेरीतली एक कर्मचारी अंगावर भरजरी काठाची शाल घेऊन, दोन्ही हातांत नारळ धरून उभी आहे आणि समोर एक काळ्या सुटातला म्हातारा तिला नमस्कार करतोय, असं दृश्य हेर फोग्टना आजवरच्या नोकरीत दिसलं नसावं. त्यांनी कप टेबलावर ठेवला. "फ्राऊ केसलर," ते अगदी शांतपणे म्हणाले, "तुमच्या हातात काय आहे?" फ्राऊ केसलरनी खाली पाहिलं. "नारळ," त्या म्हणाल्या.

मग नियम सुरू झाले. शाल परत, नारळ परत. भेट देण्याचा प्रयत्न झाला, त्याची नोंद वरिष्ठांना करावी लागेल. भिंगारदिवे यांना खुलाशासाठी बोलावलं जाईल. तोवर या प्रकरणात कुणी काहीही करायचं नाही, मुदतवाढही नाही. आम्ही बाहेर आलो. जिन्यात ग्रेस थांबली. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "अंकल, मी इतकी वर्षं त्या खुर्चीवर आवाज न करता बसले. का, तर त्यांनी मला लक्षात ठेवू नये म्हणून. आता त्या इमारतीत मला विसरेल असा एक माणूस उरला नाही." मला काकांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

बातमी पसरायला रविवार पुरला. पिकरिंग अतिशय सौजन्यानं म्हणाले, की अध्यक्षांनी काही काळ बाजूला राहणं इष्ट ठरेल. टिमोथी म्हणाले, ते नंतर बघू. त्या रविवारी प्रवचन संपलं, शांतता झाली, आणि ती संपेचना. काका खाली मान घालून बसून होते. टिमोथी दोनदा त्यांच्या बाकाकडे बघून शेवटी पुढच्या प्रार्थनेकडे वळले. चहाच्या वेळी रूथकाकू मला म्हणाल्या, "घरी पण बोलत नाहीत. भाजीत मीठ नव्हतं, तरी काही म्हणाले नाहीत." लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच झालं होतं, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

खुलाशाच्या दिवशी पिकरिंग स्वतःहून गाडी घेऊन आले. चर्चच्या माणसावर लाचेचा ठपका येतोय म्हटल्यावर त्यांना घरी बसवेना. त्यांना बाहेर बाकावर बसवलं. आत काका आणि मी, मी भाषेच्या मदतीला. टेबलापलीकडे हेर फोग्ट आणि टंकायला फ्राऊ केसलर.

"या वस्तूंच्या बदल्यात तुम्हाला काय हवं होतं?" फोग्टनी विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले. "सत्काराच्या दिवशी काही मागायचं नसतं. ते असभ्य दिसतं."

फोग्टनी चष्म्यावरून पाहिलं. "सत्काराच्या दिवशी नाही. मग केव्हा मागतात?"

मी टेबलाखालून काकांच्या पायाला पाय लावला. उपयोग शून्य. खोटं बोलणं त्यांना जमायचंच नाही. "दुसऱ्या दिवशी," ते म्हणाले.

फ्राऊ केसलरची बोटं थांबली. मला वाटलं, संपलं सगळं. पण जर्मन माणसाला अर्धवट नोंद सहन होत नाही. फोग्टनी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाले, "जबानी पूर्ण व्हायला हवी. दुसऱ्या दिवशी काय मागणार होतात?"

आणि काका बोलले. प्रास्ताविक नाही, सन्माननीय नाही, काही नाही. अबेना कुठल्या शाळेत आहे, तिला पुढं काय शिकायचंय, ग्रेस पहाटे किती वाजता निघते आणि पोरगी स्वतःचा डबा स्वतः कशी भरते. घानात त्यांचं आता कुणी उरलेलं नाही. "मी इथं आलो तेव्हा मला कारखान्यानं बोलावलं होतं, म्हणून मी चांगला परदेशी. हिला कुणी बोलावलं नव्हतं. एवढाच काय तो फरक. पण पोरीला तर इथंच जन्म मिळालाय, तिला कुठून आली म्हणून परत पाठवणार?" फ्राऊ केसलर टंकत होत्या. एका ठिकाणी त्या न विचारता म्हणाल्या, "मुलगी वर्गात पहिली आहे, हे पण घालायचं ना?" फोग्ट म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. घाला."

मग फोग्टनी ती सगळी जबानी नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवली, पूर्णविरामांसकट म्हणावं इतक्या सावकाश. लाचेचा हेतू दिसत नाही, असं शेवटी लिहिलं. कागद बाजूला ठेवून ते म्हणाले, "हे नियम मी करत नाही. पण अशा अडचणीच्या प्रकरणांसाठी राज्यानं नुकताच एक आयोग नेमलाय. तिथं अर्ज पोचला तर निकाल लागेपर्यंत आम्ही कुणाला हलवत नाही. आयोगावर दोन्ही मोठ्या चर्चेसचे प्रतिनिधी आहेत, त्यांच्यापैकी कुणीतरी प्रकरण मांडावं लागतं." मग त्यांनी विचारलं, "तुमची समिती आहे ना? वसंतापासून काय करत होतात?"

आम्ही 'सहानुभूतीनं' या शब्दावर अडलो होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

बाहेर येऊन पिकरिंगना सगळं सांगितलं. फोग्टनी सांगितलेलं एका जर्मन चर्चच्या प्रतिनिधीचं नाव ऐकल्यावर पिकरिंग बाकावरून उठले. मग हळूच म्हणाले, "तो आणि मी एकाच गायनमंडळात गातो. तो माझ्या शेजारीच उभा असतो." काकांनी कपाळावर हात मारून घेतला नाही, ही त्यांची थोरवी. मी मारून घेतला. पिकरिंगनी गाडीत बसायच्या आधीच फोन काढला, आणि ज्या माणसानं सगळा वसंत 'आपण एकेका प्रकरणात पडत नाही' म्हणून घालवला, तो कचेरीच्या पायरीवर उभा राहून म्हणत होता, "हान्स, मला तुझ्याशी एका मुलीबद्दल बोलायचंय."

प्रकरण आयोगापुढं गेलं. उन्हाळ्याची सुट्टी आली आणि गेली. अबेना नव्या इयत्तेत बसली, तरी दारावरची बेल वाजली की मायलेकी दचकायच्या. पानं गळून गेली आणि नाताळच्या आधी ग्रेसला परवाना मिळाला, राहण्याचा, खराखुरा. त्या रविवारी तिनं एवढा लाल मसालेभात रांधला, की तळघरात बसायला जागा उरली नाही. ती काकांच्या पानात वाढतच सुटली. जिन्यातल्या बोलण्याचा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही. काका नुसते जेवत होते आणि रडत होते, आणि रूथकाकू म्हणत होत्या, "तिखट लागलंय त्यांना."

नव्या वर्षातल्या पहिल्या बैठकीत विषयपत्रिकेवर तोच ठराव होता, अर्धा खोडलेला. पिकरिंग हसत हसत म्हणाले, "अध्यक्ष महाराज, आनंदाची गोष्ट आहे. या ठरावाची आता गरज उरली नाही. मागं घ्यावा अशी मी सूचना करतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर पेनाचं टोपणसुद्धा लावलं होतं.

काका म्हणाले, "नाही."

ते उभे राहिले नाहीत. बसूनच बोलले, आणि रूथकाकूंना काही म्हणावं लागलं नाही. "ग्रेसचं नाव काढा. तिचं काम झालं. बाकीचा ठराव राहू द्या. इथं वाढलेल्या पोरांना कुणी घालवू नये आणि आपल्या चर्चनं ते सरकारांना सांगावं, इथल्याही आणि तिकडच्याही. ग्रेससाठी मी होतो, पिकरिंगसाहेब होते, त्यांचा हान्स होता. तिला गाता येतं म्हणून ती आपल्यात आली, आपल्यात आली म्हणून आपल्याला कळलं. ज्या बाईला गाता येत नाही, तिचं काय? जिच्यासाठी कुणीच येणार नाही, तिच्यासाठी ठराव लागतो."

पिकरिंगनी समोरचा कागद ओढून घेतला. मला वाटलं, आता दुरुस्ती येणार. आलीच. "'विचार करावा' हे शब्द काढून टाकावेत," ते म्हणाले, "आणि 'राहू द्यावं' असं सरळ म्हणावं." त्या समितीच्या इतिहासात ठराव आखूड करणारी ती पहिलीच दुरुस्ती. एकमतानं पास झाली.

ठराव टिमोथींच्या सहीनं बिशपकडे गेला आणि तिथून सिनडकडे. काही महिन्यांनी पोच आली, की आपल्या ठरावाची नोंद घेण्यात आली आहे. काका म्हणाले, बरं झालं, पोचला. नगरपालिकेत पोच मिळायलाच वर्ष जायचं. पुढं काही आलं नाही. काका दर बैठकीला विचारायचे, मी नाही म्हणायचे, आणि ते म्हणायचे, स्मरणपत्र पाठवा. स्मरणपत्राची भाषा नम्र असावी, पण विसरलोय असं त्यांना वाटू नये, एवढीच त्यांची सूचना असायची.

दोन-तीन वर्षांनी काका आजारी पडले. हृदयाचं दुखणं, इस्पितळात फार दिवस. मी भेटायला गेले तेव्हा नळ्या लावलेल्या होत्या आणि शेजारच्या खाटेवरच्या जर्मन म्हाताऱ्याला त्यांनी रुग्ण संघटनेचा उपाध्यक्ष केलं होतं, जेवणातल्या सूपाच्या प्रश्नावर. अध्यक्ष अर्थात ते स्वतः. मला बघून त्यांनी पहिलं विचारलं, "लंडनहून काही?" मी नाही म्हटलं. "येईल," ते म्हणाले. "सरकारला वेळ लागतो. चर्चला त्याहून लागतो. आपण थकायचं नाही, एवढंच." त्या आठवड्यात ते गेले. मी खूप रडले. मुलगा मोठा झाला होता, त्यानं जर्मनमध्ये विचारलं, आई, ते आपले कोण लागत होते? मी अजून त्या चर्चची नाही, आणि त्यांची चिटणीस अजून आहे.

लंडनहून अजूनही काही आलेलं नाही. दर वर्षी मी स्मरणपत्र टंकते, नम्र भाषेत. खाली अध्यक्ष म्हणून सही ग्रेस करते.